वजन : १ क्विंटल ४० किलो

टेम्पोवाल्यानं गाळ्यासमोर गाडी लावली आणि हाळी दिली, "मॅडम, माल आलाय!"

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे मी बावीस वर्षं हिशेब लिहिते. हे वाक्य कानावर पडलं की माझा हात आपोआप पावतीबुकाकडे जातो. त्या दिवशीही गेला. मग लक्षात आलं, आजचा माल आपला आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या छापखान्यातून माझी कादंबरी आली होती. दहा गठ्ठे, गठ्ठ्यात पन्नास प्रती.

हमालांच्या टोळीतल्या दोघांनी गठ्ठे उतरवले. मापाड्यानं सवयीनं एक काट्यावर ठेवला. चौदा किलो. "म्हणजे एक क्विंटल चाळीस," तो म्हणाला. मुकादम जवळ आला.

"काय हाय ह्यात, ताई?"

"पुस्तक आहे. मी लिहिलंय."

"येवढी पुस्तकं?"

"पुस्तक एकच. प्रती पाचशे."

त्यानं एकदा गठ्ठ्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "मग येवढ्या घेणार कोण?"

सव्वा वर्ष झालं या गोष्टीला. या काळात मी लेखकांना भेटले, मुद्रकांना भेटले, एका परिसंवादात 'मराठी ग्रंथव्यवहारापुढील आव्हाने' ऐकत दीड तास बसले. इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

गठ्ठे तीन आठवडे गाळ्यातच राहिले, जिऱ्याच्या पोत्यांना टेकून. नेरूळला आमची सिडकोची चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आम्ही चौथ्यावर. रोज पिशवीतून पंधरा-वीस प्रती घरी न्यायच्या. पुढे पुण्याच्या एका वाचकाचा निरोप आला : पुस्तक चांगलं आहे, पण उघडलं की धने-जिऱ्याचा वास का येतो?

कादंबरी आहे माथाडींवर. पाटण तालुक्यातून मुंबईला आलेलं एक कुटुंब, मशीद बंदरच्या धक्क्यावरची हमाली, मग बाजार खाडीपलीकडे हलला तेव्हा कोपरखैरण्यात मिळालेलं घर, आणि 'बाप हमाल आहे' हे कॉलेजात न सांगणारा मुलगा. मुंबईचे घाऊक बाजार ऐंशी-नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्यानं इकडे आले : कांदा-बटाटा, मसाला, दाणा, फळं, भाजीपाला. १९६९चा माथाडी कायदा, माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचे मोर्चे, मजुरीवरची लेव्ही, टोळ्या हे सगळं मी रोज कागदावर बघत होते. त्यातली माणसं मराठी कादंबरीत फारशी दिसत नाहीत, असं मला वाटायचं. सहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत लिहिलं. आधी जुन्या चोपड्यांच्या कोऱ्या पानांवर, नंतर फोनवर.

मग हस्तलिखित तीन प्रकाशकांकडे पाठवलं. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यानं अकरा महिन्यांनी कळवलं, विषय उत्तम, पण दोन वर्षांची यादी भरली आहे. तिसऱ्यांनी भेटायला बोलावलं, चहा दिला, दोन प्रकरणांचं कौतुक केलं आणि मग 'लेखक-सहभाग' हा शब्द उच्चारला. पाचशे प्रती काढायच्या. किंमत ३२०. त्यांतल्या तीनशे मी चाळीस टक्के सवलतीनं आधीच विकत घ्यायच्या.

मी हिशेबनीस बाई. चहा संपायच्या आत आकडा मांडला : १९२ गुणिले ३०० म्हणजे ५७,६००. मानधन मिळणार ते उरलेल्या दोनशेंवर, आणि तेही विकल्या गेल्या तर. घरी आल्यावर दोन मुद्रकांना फोन केले. तेव्हा कळलं की त्याच पैशात आणखी दहा हजार घातले, तर अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंत सगळं होतं आणि पाचशेच्या पाचशे प्रती माझ्या. म्हणजे ५७ हजारांत मी विकत काय घेत होते? पुस्तकाच्या कण्यावर छापलं जाणारं एक नाव.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. कागद, गोदाम, पगार, विक्रेत्यांकडे अडकलेली उधारी हे सगळं त्यांना आहेच. खटकलं ते झाकून ठेवणं. मराठीत आज निघणाऱ्या पहिल्या कादंबऱ्यांपैकी कितींचा खर्च लेखकानं उचललेला असतो, याची नोंद कुठेच होत नाही, कारण पुस्तकावर ते लिहिलेलं नसतं. 'स्वतः छापलं' हे आपल्याकडे 'पळून जाऊन लग्न केलं' अशा आवाजात सांगतात.

खरं तर या पळून जाण्याला आपल्याकडे चांगली घराणी आहेत. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' स्वतःच्या खिशातून चालवलं. दुसरं कुणी ते छापायला धजलं नसतं. १९७६ साली मुंबईत चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाऊस' काढलं. अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर. कोलटकरांची 'जेजुरी' तिथून आली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्यांच्या मराठी कविता अशोक शहाणे यांच्या 'प्रास'नं काढल्या. म्हणजे स्वतः नाही, पण मित्रानं. मोठ्या दुकानात नाही, घरच्यासारख्या ठिकाणी. तिथलीच 'भिजकी वही' २००५ साली साहित्य अकादमीची मानकरी ठरली, तेव्हा कोलटकर जाऊन वर्ष झालं होतं. 'ग्रंथाली' सुरू झाली तीही वाचकांना सभासद करून, चळवळ म्हणून. १९७८ला 'बलुतं' तिनं काढलं. लांबचं उदाहरण हवं असेल तर मार्सेल प्रूस्त. पॅरिसच्या प्रकाशकांनी नाकारल्यावर त्यानं आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड १९१३ साली पदरचे पैसे भरून छापून घेतला.

हे सगळं मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण प्रूस्तला चौथ्या मजल्यावर गठ्ठे चढवायचे होते का?"

छापणं सोपं झालंय हे खरं. इतकं सोपं की त्याची भीती वाटावी. २४० पानं, डेमी आकार, पंधरा फॉर्म, ७० जीएसएमचा नॅचरल शेड कागद, मॅट लॅमिनेशनचं मुखपृष्ठ. मला पडलेले भाव सांगते, इतरांच्या उपयोगी पडतील. अक्षरजुळणी पानाला ४० रुपये, म्हणजे ९,६००. मुद्रितशोधन ४,८००. मुखपृष्ठ ६,०००. छपाई आणि बांधणी प्रतीमागे ९५ प्रमाणे ४७,५००. एकूण ६७,९००. प्रत पडली १३६ रुपयांना.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. मी फोनवर युनिकोडमध्ये लिहिलं होतं. जुळणी करणाऱ्यांकडे पानं लावायचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचा फॉन्ट वेगळा. मजकूर एकातून दुसऱ्यात 'कन्व्हर्ट' करावा लागतो. मराठीत र आणि य जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. 'सूर्य'मध्ये र डोक्यावर रफार होऊन बसतो, 'पायऱ्या'मध्ये आडवी रेघ होऊन पुढच्या अक्षराला टेकतो. ही आडवी रेघ मराठीला हटकून लागते. हिंदीला तिची गरज पडत नाही, म्हणून कित्येक फॉन्टांना आणि कन्व्हर्टरांना तिचं सोयरसुतक नसतं. पहिल्या दोन प्रुफांत आम्ही त्या रेघा हातानं दुरुस्त केल्या. मग मला शेवटच्या क्षणी तीन प्रकरणांत बदल सुचले. ती प्रकरणं पुन्हा कन्व्हर्ट झाली. तिसरं प्रूफ माझ्याकडे आलं तेव्हा मार्चअखेर होती, गाळ्यात हिशेबाचा डोंगर होता आणि खरं सांगायचं तर मला माझ्याच कादंबरीचा कंटाळा आला होता. न वाचता 'ओके' लिहिलं.

पुस्तक निघून आठ दिवस झाले असतील. पाटणहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. आवाज गंभीर.

"ताई, आमच्या तालुक्यात दर्या कधी आला?"

मला काही कळेना. त्यांनी पान सांगितलं. मी लिहिलं होतं, कोयनाकाठच्या 'दऱ्या' उतरून माणसं एसटीला येतात. छापलं होतं 'दर्या'. एका आडव्या रेघेपायी सह्याद्री पाण्याखाली गेला होता. पुढे शोधलं तर तीन प्रकरणांत एकेचाळीस ठिकाणी तेच. शुद्धिपत्रक छापलं, ६५० रुपये. एका रविवारी नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी असे चौघं जमिनीवर बसून उरलेल्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटवत होतो. सासूबाई म्हणाल्या, "प्रकाशक म्हणून तुझंच नाव आहे ना गं? मग ओरडायचं कुणावर?"

श्रेयपानावर 'प्रकाशक' या शब्दापुढे आपलं नाव आणि घरचा पत्ता लिहिला की माणूस आपोआप काही कायद्यांच्या कक्षेत येतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. १९५४चा ग्रंथप्रदान कायदा म्हणतो की पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, दिल्ली आणि मुंबईच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायची. पाठवल्या. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीची गोष्ट कोलकात्यात कुठल्यातरी कपाटात आहे, या कल्पनेचं सुख मला अजून पुरतंय. आयएसबीएन केंद्र सरकारची राजा राममोहन राय संस्था देते, लेखक-प्रकाशकालाही देते, आणि फुकट देते. हे ठळक अक्षरांत वाचा. पुस्तक काढून देणाऱ्या एका कंपनीकडून मला आलेल्या 'पॅकेज'मध्ये 'आयएसबीएन नोंदणी' या नावाखाली तीन हजार रुपये लावले होते.

आता मुकादमाचा प्रश्न. घेणार कोण?

नवी मुंबई हे आखून वसवलेलं शहर. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीलगतच्या गावांच्या जमिनी घेतल्या, आणि वाशी, नेरूळ, बेलापूर असे एकामागून एक नोड उभे राहिले. आराखड्यात प्रत्येक नोडला शाळा, बाजार, उद्यान, स्टेशन. २०२३च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो धावली, २०२५च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. माझ्या सेक्टरमध्ये मात्र पुस्तकाचं दुकान म्हटलं की गाइडं, वह्या आणि प्रोजेक्टचं साहित्य. वर्गणी भरून वाचनालयात जाणारी पिढी आहे, वाशीच्या साहित्य मंदिरात व्याख्यानांना गर्दी होते, विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकाला रांग लागते. पण नवी मराठी कादंबरी हातात घेऊन चाळायची तर गाडी पकडून दादर किंवा ठाणं गाठावं लागतं. गंमत अशी की महाप्यात रेप्रो इंडियाचा भलामोठा छापखाना आहे. मागणीनुसार छपाईच्या धंद्यातली ही देशातली मोठी कंपनी. पुस्तकं छापण्यात हे शहर कुणाला हार जाणार नाही. विकण्याचं खातं आराखड्यात राहून गेलंय.

मी प्रती विक्रेत्यांकडे ठेवल्या. पंचेचाळीस टक्के सूट, म्हणजे ३२० मधले १७६ मला. त्यातून छपाईचे १३६ गेले की ४० उरतात, तेही प्रत विकली गेली आणि पैसे आले तर. मसाला बाजारात जिऱ्याचं पोतं उधारीवर गेलं की वसुलीची तारीख त्याच कागदावर लिहितात. चुकली तर व्याज लागतं, नाहीतर पुढचा माल थांबतो. पुस्तकांच्या बाजारात उधारीला 'विकली की देतो' म्हणतात. नव्वद प्रती दिल्या. अडतीसचे पैसे आले. एकवीस परत आल्या, त्यांतल्या चारांचे कोपरे दुमडलेले. एकतीसांबद्दल मी आता फोन करत नाही.

ग्रंथालयांचं गणित आणखी निराळं. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं ११ ते १२ हजारांच्या घरात आहेत. नवख्या लेखकाला वाटतं, दहातल्या एकानं घेतली तरी हजार प्रती! प्रत्यक्षात त्या ग्रंथपालाच्या हातात अनुदानाचा तुटपुंजा आकडा आणि वर्षअखेरची घाई असते. एका बिलात दीडशे-दोनशे पुस्तकं पुरवणारा माणूस त्याला सोयीचा पडतो. एका पुस्तकाचं एक बिल घेऊन आलेली बाई नाही. मी वीस ठिकाणी स्वतः गेले. पंचवीस प्रती गेल्या.

या लेखासाठी, आपलं लिखाण स्वतःच लोकांपुढे आणणाऱ्या आणखी काही जणांना भेटले. त्यांतले दोघं लक्षात राहिले.

खारघरचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. सौजन्य असं की मी पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी स्वतःच्या कादंबरीचा विषयही काढला नाही. त्यांनी 'पॅकेज' घेतलं होतं. संपादन, मुखपृष्ठ, छपाई, 'ग्लोबल वितरण', प्रमाणपत्र आणि एक पुरस्कार, सगळं मिळून दोन लाख चाळीस हजार. हजार प्रती. त्यांनी पोटमाळ्याचं दार उघडून दाखवलं. खोकी अगदी नीट रचलेली, वर जुनी चादर. "सातशे ऐंशी," ते म्हणाले. संपादन काय झालं, असं विचारलं. त्यांनी फाइल काढली. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या होत्या, आणि त्यातल्या काही चुकीच्या होत्या. ग्लोबल वितरण म्हणजे तीन संकेतस्थळांवर पुस्तकाचं चित्र. पुरस्काराचं सन्मानचिन्ह टीव्हीशेजारी होतं. मी त्याबद्दल काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ऐरोलीची मुलगी आयटी कंपनीत रात्रपाळीला. ती 'प्रतिलिपी'वर लिहिते. बंगळूरूच्या लोकांनी २०१४ला सुरू केलेलं हे ॲप आज मराठीतल्या हजारो बायका फोनवर वाचतात, आणि हजारो लिहितातही. हिची भयकथेची मालिका दोनशेच्या वर भागांची. रात्री भाग टाकला की सकाळपर्यंत प्रतिक्रिया. नायिकेला मारलं तर वाचक भांडतात. एकदा डेंग्यूनं आठ दिवस भाग आला नाही, तर अनोळखी बायकांनी 'ताई, पपईच्या पानांचा रस घ्या' म्हणून कळवलं. थोडे पैसेही येतात. तिला विचारलं, पुस्तक काढणार का? "कशाला? पुस्तकाला कोण सांगणार 'पुढचा भाग कधी' म्हणून?" आईची मात्र इच्छा आहे. आईला लोकांना दाखवायला हातात काहीतरी हवं.

हेवा वाटला, कबूल करते. आणि शंकाही आली. भाग रोज टाकायचा म्हटलं की गोष्ट वाचकाच्या मागे पळते. पण ही शंका जुनीच आहे. मासिकांतून क्रमशः लिहिणाऱ्यांबद्दलही लोक हेच म्हणायचे.

अमीश त्रिपाठींचं नाव प्रत्येकाकडे निघालं. मुंबईतला विमा कंपनीतला अधिकारी, वीसहून जास्त प्रकाशकांचा नकार, मग २०१०मध्ये एजंटच्या मदतीनं स्वतःच काढलेली 'द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा', आणि नंतर जे झालं ते. ही गोष्ट सांगताना एक भाग नेहमी गळतो. ते विपणनातले माणूस होते. पहिलं प्रकरण वेगळं छापून त्यांनी दुकानांच्या काउंटरवर फुकट ठेवलं, सिनेमासारखी झलक तयार केली. शिवाय इंग्रजी पुस्तक देशभरच्या दुकानांत जाऊ शकतं. मराठी पुस्तकाची धाव राज्याच्या हद्दीपर्यंत, फार तर बेळगाव, इंदूर, बडोद्यापर्यंत. अमीशचा दाखला देऊन कुणी तुम्हाला हजार प्रती काढायला सांगत असेल, तर त्याला पोटमाळा दाखवायला माझ्याबरोबर खारघरला पाठवा.

मी त्यांचा तो प्रकरणाचा प्रयोग मात्र ढापला. पहिली सोळा पानं वेगळी छापून घ्यायची ऐपत नव्हती. झेरॉक्स काढल्या, शंभर. बाजाराच्या गेटावरच्या चहाच्या टपरीवर ठेवल्या. चार दिवसांनी टपरीवाला म्हणाला, संपल्या. मला वाटलं, वडापाव बांधायला गेल्या असतील. संध्याकाळी दाणा बाजारातला एक माथाडी गाळ्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "पुढचं कुठं मिळंल?"

त्यानं पाच प्रती घेतल्या. एक स्वतःला, चार गावाकडच्या भावकीला. त्यानंतर टोळीटोळीनं मागणी आली. एकूण १४१ प्रती बाजारातच खपल्या, रोख. सगळे वाचत नव्हते. काहींनी मुलीसाठी नेली, काहींनी 'आपल्यावर आहे' म्हणून नेली. एकजण भांडायलाही आला : दारुड्या मुकादमाला मी त्याचं आडनाव का दिलं? आडनाव मी एका पावतीवरून उचललं होतं. त्याची माफी मागितली. जाताना तोही एक प्रत घेऊन गेला, पैसे मोजून.

आणि एक फोन रात्री साडेदहाला. मुलगी बोलत होती, बहुतेक गॅलरीत उभी राहून, कारण मागे गाड्यांचा आवाज. वडील बटाटा मार्केटला होते, दोन वर्षांपूर्वी गेले. "माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय 'बिझनेस' लिहिला होता," ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. मीही नाही. कादंबरीत तो प्रसंग नाही. असता तर पुस्तक जास्त चांगलं झालं असतं.

प्रकाशन समारंभाबद्दल थोडक्यात. सोसायटीचा हॉल, शाल-श्रीफळ, बटाटेवडे, साउंड सिस्टिम मिळून ११,४०० रुपये. पाहुण्यांनी मलपृष्ठावरचा मजकूर वाचला होता आणि तो त्यांनी आम्हाला वाचून दाखवला. अध्यक्षांनी स्वतःच्या चार कविता म्हटल्या. ४७ प्रती गेल्या. पुन्हा करणार नाही.

टपालानं गेल्या ९६. २०२४च्या अखेरीस टपाल खात्याची नोंदणीकृत छापील पुस्तकांची स्वस्त सोय बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांत कल्लोळ झाला होता. माझं नशीब असं की पुस्तक निघायच्या महिनाभर आधी, मे २०२५पासून, 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० पर्यंत २५. माझी प्रत २८० ग्रॅमची, पाकीट घातलं की तीनशेच्या वर. प्रत्येक पाकिटाला पाच रुपये जास्त. ही सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी, म्हणून काउंटरवरच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "कादंबरी यातली कोणती?" मी विचारात पडले. त्याच म्हणाल्या, "सामाजिक लिहिते. हुंडाबिंडा असेल ना आत?" आहे, चौथ्या प्रकरणात.

ई-पुस्तकही केलं. ॲमेझॉननं २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी आणली तेव्हापासून ही वाट खुली आहे. सत्तर टक्के वाटा मिळतो, पण भारतात त्यासाठी ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच ठेवायचं नाही अशी अट. सव्वा वर्षात १,३४६ रुपये जमा झाले. पाच जणांनी मात्र पीडीएफ वाचल्याचं प्रेमानं कळवलं. ती मी कुणालाच दिली नव्हती.

या सगळ्यात मला पैशांपेक्षा जास्त एक गोष्ट लागली. कादंबरीचा मधला भाग, १०२ ते १६० पानं, सैल आहे. संपाची हकिगत मी दोनदा सांगितली आहे, एकदा बापाच्या तोंडून, एकदा निवेदनातून. मुद्रितं तपासणाऱ्या आजोबांनी समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'हे पूर्वी आले आहे. ठेवायचे?' मी उत्तर लिहिलं, 'ठेवायचे.' त्यांनी ठेवलं. पैसे देणारी मी होते, ते दुसरं काय करणार? आपल्याकडे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन असे संपादक होऊन गेले, जे लेखकाला पुन्हा पुन्हा लिहायला लावत. त्यांच्या 'सत्यकथा' मासिकावर चिडून राजा ढाले आणि मंडळींनी १९६९मध्ये त्याचा अंक जाळला, त्या रागातही एक मान होता. नाकारणाऱ्याचं मत मोलाचं होतं, म्हणून तर जाळावंसं वाटलं. मी कुणाचा अंक जाळणार? माझ्या मधल्या साठ पानांना 'नाही' म्हणायला पगारी किंवा बिनपगारी कुणीच नव्हतं. स्वतः छापण्यात मला तोटा दिसला तो हाच. बाकी सगळं अंगमेहनत.

दुसरी कादंबरी अर्धी झाली आहे, कोळी-आगरी घराला जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर. तीही मीच छापणार. पण मुखपृष्ठाच्या आधी संपादनाचे पंधरा हजार बाजूला काढून ठेवलेत. एका निवृत्त प्राध्यापिकेनं काम घेतलं आहे, एका अटीवर. त्या जे कापतील ते मी परत घालायचं नाही. पहिलं प्रकरण त्यांच्याकडून परत आलं तेव्हा ते सतरा पानांचं अकरा झालं होतं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वाचलं. बाईंचं बरोबर होतं.

शेवटी ताळेबंद. खर्च : निर्मिती ६७,९००, समारंभ ११,४००, शुद्धिपत्रक ६५०, पाकिटं-टेम्पो-हमाली २,१५०, टपाल २,४००. एकूण ८४,५००. जमा : बाजार, टपाल आणि समारंभ मिळून २८४ प्रती अडीचशेनं ७१,०००, ग्रंथालयांच्या पंचवीस २४० प्रमाणे ६,०००, विक्रेते ६,६८८, किंडल १,३४६. एकूण ८५,०३४. निव्वळ नफा ५३४ रुपये, सहा वर्षांच्या लेखनाची मजुरी न धरता. ५८ प्रती भेट गेल्या, एकतीस अडकल्या.

६४ प्रती पलंगाखाली शिल्लक आहेत, सगळ्यांत शुद्धिपत्रक चिकटवलेलं. धन्या-जिऱ्याचा वास आता जरा कमी झाला आहे.